रात्रीची शाळा व तुरुंगांतील वर्ग : एका उपेक्षित सेवेचा इतिहास

महोत्सवी अंकांत शाळेविषयीं एक लेख असावयाचाच, असा आपल्याकडे रिवाज आहे. आणि तो रास्तही आहे. वसईंतील कोणत्याही धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे चर्चच्या पायाभरणीनंतर लागलीच शाळेची हकीकत येते. ह्या शाळांनीं आम्हांस शिक्षक दिले. कोणत्याही आळींत शिरावें, चार-दोन घरें ओलांडलीं कीं सेवानिवृत्त मास्तरांचें किंवा बाईंचें घर लागतें. स्मरणिका-समितीनें ह्याच परंपरेवर लिहिण्याची सूचना आम्हांस केली होती. परंतु शाळांची स्तुति ह्या अंकांत इतरांनींही केली असेल. तेव्हां आम्ही वाट थोडी वांकडी करून, ज्या शिक्षकांनीं मुलांची शाळा सोडून मोठ्या माणसांचा वर्ग धरला, आणि कांहींनीं तर तो तुरुंगांत धरला, त्यांचा वृत्तांत येथें देतों. त्यांत आपल्या धर्मग्रामास लागू पडणारें पुष्कळ आहे. कांहीं बोचणारेंही आहे.

मुलाला शाळेंत आईबाप धाडतात. प्रौढाला कोणी धाडीत नाहीं. तो दिवसभर राबून, अंगावरची माती धुऊन येतो. भात केव्हां लावावा, पानवेलीला पाणी किती द्यावें, वारा फिरल्यावर होडी कशी आणावी, हें त्याला मास्तरांपेक्षां अधिक कळतें. एक अक्षर तेवढें कळत नाहीं. मुलाला धडा न समजला तर तें मास्तरांस भितें. प्रौढाला न समजला तर तो दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. म्हणून शाळेंत वीस वर्षें नांवाजलेला शिक्षक रात्रीच्या वर्गांत आठवड्याभरांत हात टेकतो, आणि ज्याला शाळेंत कोणी विचारीत नव्हतें असा एखादा मास्तर तेथें चांगला रुळतो.

मोठेपणीं शिकणें म्हणजे काय, हें ज्यानें अंगें अनुभवलें असा एक पुरुष आपणां सर्वांस परिचित आहे. संत इग्नेशियस लोयोला हे जन्मानें सरदार, पेशानें सैनिक. जखमी होऊन अंथरुणावर पडले असतां त्यांचें आयुष्य पालटलें. पुढें 1524 सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, बार्सिलोना शहरांत ते लहान मुलांबरोबर बसून लॅटिन व्याकरण शिकूं लागले. दाढीमिशा आलेला माणूस बाकावर आणि शेजारीं दहा-बारा वर्षांचीं पोरें! पुढें आल्काला येथें लोकांस धर्मोपदेश करतो म्हणून चौकशी होऊन 1527 सालीं त्यांस 42 दिवस तुरुंगांत राहावें लागलें. भेटीस येणाऱ्यांस शिकविणें त्यांनीं तेथेंही थांबविलें नाहीं. प्रौढ विद्यार्थी आणि तुरुंगांतील शिक्षक ह्या दोन्ही भूमिका ज्यानें केल्या तोच पुढें पॅरिस येथें एका तरुण अध्यापकाबरोबर एका खोलींत राहिला. त्या अध्यापकाचें नांव फ्रान्सिस झेवियर.

झेवियर हे 1530 सालीं पदवी घेऊन पॅरिसच्या बोव्हे महाविद्यालयांत ॲरिस्टॉटलचें तत्त्वज्ञान शिकवूं लागले होते. विद्वान म्हणून नांव मिळवावें, हीच त्यांची त्या वेळची आकांक्षा. तो अध्यापक 6 मे 1542 रोजीं गोव्याच्या बंदरांत उतरला आणि रुग्णालयांत मुक्काम ठेवून रोग्यांची, महारोग्यांची व तुरुंगांतील बंद्यांची सेवा करूं लागला. मग हातांत लहान घंटा घेऊन तो रस्त्यारस्त्यानें हिंडे व मुलें, गुलाम, नोकरचाकर, जो भेटेल त्याला शिकावयास बोलावी. धर्मतत्त्वें चालीवर बसवून तो म्हणवून घेई. पुढें मोत्यांच्या किनाऱ्यावर, म्हणजे तमिळ देशांत, गेल्यावर प्रार्थनांचें तमिळ भाषांतर करवून तें त्यांनीं स्वतः पाठ केलें. हा त्यांच्या आयुष्यांतील किरकोळ तपशील म्हणून सांगितला जातो. आमच्या मतें सर्व मर्म त्यांत आहे. पॅरिसमध्यें जो लॅटिनमधून शिकवीत होता तो मच्छीमारांची भाषा त्यांच्याच तोंडून उचलूं लागला. जानेवारी 1544 मध्यें कोचीनहून युरोपांत पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं लिहिलें आहे, तें थोडक्यांत असें : पॅरिसच्या विद्यापीठांत जाऊन, तेथें विद्येचे ढीग रचणाऱ्या पण ती कोणास देण्याची तसदी न घेणाऱ्या पंडितांपुढें वेड्यासारखें ओरडावें असें मनांत येतें. ज्यानें अशीच एक खुर्ची सोडली होती त्याचे हे उद्गार आहेत, हें ध्यानांत ठेवून तें पत्र वाचावें. 1548 सालीं झेवियर वसईसही येऊन गेले. गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रु ह्याची त्यांनीं येथें भेट घेतली. वसईच्या किल्ल्यांत पुढें येशूसंघाचें विद्यालय भरलें. त्याच्या भिंती आज उभ्या आहेत आणि दिवाळीच्या सुट्टींत मुलें त्या पाहून येतात. रस्त्यांतल्या घंटेचा मात्र कोठें अवशेष राहत नाहीं.

आतां तीन शतकें ओलांडून पुण्यास येऊं. जोतीराव फुले यांनीं 1848 सालीं मुलींची शाळा काढली, हें सर्वश्रुत आहे. त्याच जोतीरावांनीं व सावित्रीबाईंनीं 1855 सालीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा चालविली, हें कमी लोकांस ठाऊक असतें. दिवसां मुलांस शिकवून रात्रीं त्यांच्या बापांस शिकविण्याची ही कल्पना मुंबईच्या गिरणगांवांत मोठ्या प्रमाणावर रुजविणारा गृहस्थ मूळचा शाळामास्तरच होता. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 1879 सालीं कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवीं झाला. पदवीधर होऊन त्यांनीं सुमारें आठ वर्षें शाळांतून अध्यापन केलें. 1909 सालीं ते नोकरी सोडून गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत शिरले, आणि 1911 सालीं मुंबईंत त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगनें गिरणीकामगारांकरितां रात्रीच्या शाळा काढल्या, वाचनालयें उघडलीं, फिरत्या ग्रंथपेट्या चाळींतून नेल्या. पुढें 1920 सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली तींत जोशी अग्रभागीं होते. कामगारांचे पुढारी म्हणून त्यांचें नांव झालें खरें; पण कामगाराच्या घरांत त्यांचा पहिला प्रवेश पाटी-पुस्तक घेऊन झाला होता. अक्षरें शिकवावयास गेलेल्या मनुष्यास मजुरी, कर्ज, दारू आणि दुखणें हीं सर्व समोर दिसूं लागतात. मग केवळ बाराखडी शिकवून घरीं परतणें त्याच्या मनास मानवत नाहीं.

वसईंत हीच गोष्ट निराळ्या वाटेनें घडली. 1918 सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं येथें कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. आजची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. बँकेच्या इतिहासांत ठेवी व कर्जें यांचे आंकडे असतात. परंतु पतसंस्था ही मोठ्या माणसांची शाळाही असते. सभासदाला हिशेब वाचावा लागतो, व्याज म्हणजे काय तें समजून घ्यावें लागतें, सभेंत उठून बोलावें लागतें. सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे तें तपासण्याची हिंमत त्याला येते. ह्यानंतर दहा वर्षांनीं, 1928 सालीं, कॅनडांतील अँटिगोनिश येथें सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठानें लोकशिक्षणाचा विभाग उघडला. त्याचे प्रमुख फादर मोझेस कोडी हेही पूर्वाश्रमीचे शिक्षक. प्रांतांतील शिक्षकांची संघटना बांधण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला होता. कोळी, शेतकरी व खाणकामगार यांचीं लहान लहान अभ्यासमंडळें करून, त्यांतून पतपेढ्या व सहकारी संस्था त्यांनीं उभ्या करविल्या. त्यांचे धडे पाहण्यास जगभरांतून लोक आले. आपल्या येथें पतसंस्था आधीं झाली. अभ्यासमंडळ मात्र राहूनच गेलें. हें आम्ही दोष देण्याकरितां म्हणत नाहीं. हिशेबांत ही एक रक्कम बाकी आहे, इतकेंच.

आतां तुरुंगाकडे वळूं. पांडुरंग सदाशिव साने हे 1924 पासून खानदेशांत अमळनेर येथें शाळेंत शिक्षक व वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. मुलांकरितां ते हस्तलिखित दैनिक काढीत, त्यांचीं अंथरुणें आवरीत, आजाऱ्यांपाशीं जागत; "गुरुजी" ही पदवी त्यांस तेथें मिळाली. 1930 सालीं नोकरी सोडून ते कायदेभंगांत पडले, आणि धुळें व त्रिचनापल्ली येथें कारावास भोगते झाले. त्रिचनापल्लीस भिन्नभाषी बंद्यांच्या संगतींत ते तमिळ शिकले. दुसऱ्या खेपेस, 1932 सालीं, धुळ्याच्या तुरुंगांत त्यांची व विनोबा भावे यांची गांठ पडली. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारीं विनोबांनीं तेथें गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलें. अठरा रविवार, अठरा अध्याय. श्रोत्यांत नाना प्रकारचे लोक होते; जमनालाल बजाज यांच्यासारखे धनिक होते आणि ज्यांस पुस्तकाचा गंध नाहीं असेही होते. सर्वांस एकाच बैठकींत समजेल असें बोलणें हें किती अवघड काम आहे, तें रविवारच्या मिस्सेंत प्रवचन करणारा कोणीही धर्मगुरु सांगेल.

ग्रंथ हिंदु धर्माचा आहे आणि आम्ही ख्रिस्ती धर्मगुरु आहों. तरीही हा प्रसंग आम्हांस जवळचा वाटतो, तो विनोबांइतकाच साने गुरुजींमुळें. सहा वर्षें वर्ग गाजविलेला हा शिक्षक त्या सभेंत बोलावयास उभा राहिला नाहीं. तो लेखणी घेऊन खालीं बसला आणि ऐकलेला शब्द न् शब्द उतरून घेत राहिला. आज "गीता प्रवचनें" हें पुस्तक अनेक भाषांतून वाचलें जातें तें त्या उतरून घेण्यामुळें. ज्याला शिकविण्याची संवय आहे त्याला ऐकण्याची संवय लागणें, हीच मोठ्यांच्या शिक्षणांतील पहिली परीक्षा होय, व ती गुरुजी उत्तीर्ण झाले. पुढल्याच वर्षीं, फेब्रुवारी 1933 मध्यें, नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं पांच दिवसांत "श्यामची आई" लिहिलें. अमळनेरची नोकरी टिकवून ते निवृत्त झाले असते तर खानदेशाला एक उत्तम मास्तर मिळाला असता. पण महाराष्ट्रांतील घराघरांत जाऊन बसलेला शिक्षक मिळाला नसता.

सरकारी मोहिमांविषयीं थोडक्यांत. 1939 सालीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत मुंबईंत साक्षरतेची चळवळ निघाली. 1959 सालीं साताऱ्यांत ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, आणि गांवेंच्या गांवें रात्रीं कंदील घेऊन शिकूं लागलीं. ह्या मोहिमांचा सर्व भार प्राथमिक शिक्षकांनीं वाहिला. पुढें 1978 व 1988 सालीं राष्ट्रीय कार्यक्रम झाले. 2011 च्या जनगणनेंत महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के भरली. परंतु समारंभ संपून कंदील विझल्यावर वाचावयास कांहीं नसेल तर शिकलेलें अक्षर दोन-तीन वर्षांत पुसलें जातें, असा सर्वत्र अनुभव आला आहे.

आणि आतां जें बोचणारें आहे तें. आपल्या शाळांनीं आपल्या मुलांस शिकविलें. परंतु आपल्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या वारली व कातकरी माणसांस रात्रीं कोणी पाटी दिली? अंगठ्याची किंमत काय पडते, तें ह्याच जिल्ह्यांत उत्तरेस दिसून आलें आहे. तलासरी-डहाणूकडे लग्नापुरतें कर्ज काढून वारली जोडपें सावकाराच्या दारीं लग्नगडी म्हणून बांधलें जाई, आणि वहींत किती रक्कम मांडली आहे तें त्यास वाचतां येत नसे. गोदावरी परुळेकर ह्या जोशी यांच्याच भारत सेवक समाजांतल्या. 1937-38 सालीं त्या प्रौढसाक्षरतेच्या कार्यांत होत्या. पुढें 1945 सालीं त्या वारल्यांत गेल्या, आणि झाला तो उठाव इतिहासांत नमूद आहे. 1970 सालीं "जेव्हा माणूस जागा होतो" ह्या पुस्तकांत त्यांनीं तो सांगितला आहे. त्यांचा कम्युनिस्ट पक्ष आम्हांस मान्य नाहीं; परंतु त्या डोंगरांत त्या आमच्याआधीं पोंचल्या, हें नाकारणें सत्याला धरून होणार नाहीं.

तुरुंगही आपल्यापासून दूर नाहीं. ठाण्याचें मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यांत आहे तो पोर्तुगीजांनीं 1730 च्या सुमारास बांधावयास घेतला. 1737 सालीं तो मराठ्यांकडे व 1774 सालीं इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे 1816 सालीं येथूनच निसटला. गोऱ्या पहारेकऱ्यांस मराठी कळत नव्हती, आणि खिडकीखालीं एक मोतद्दार गाण्यांतून त्याला पळण्याचा बेत समजावीत होता, अशी कथा सांगतात. बंद्याला कळेल अशा भाषेंत शिकविण्याचें हें उदाहरण अनुकरणीय नसलें तरी विचार करण्याजोगें आहे!

भारतांतील काथलिक धर्मसभेचें तुरुंगसेवेचें कार्य 1981 पासून चालूं आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस हे तरुणपणीं, 1964 ते 1966 या काळांत, अर्जेंटिनांतील शाळांतून साहित्य व मानसशास्त्र शिकवीत होते. त्यांनींच 28 मार्च 2013 रोजीं, पोपपदाच्या पहिल्याच पवित्र गुरुवारीं, रोमच्या बालबंदिगृहांत जाऊन बंद्यांचे पाय धुतले, आणि 26 डिसेंबर 2024 रोजीं रेबिब्बिया तुरुंगांत महोत्सवाचें पवित्र द्वार उघडलें. आपण ज्या काळांत हा महोत्सव करीत आहों त्या काळाचा हा प्रारंभ आहे.

येथें व्यवहाराची एक गोष्ट सांगणें जरूर आहे. 2022 अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांतील दर चार बंद्यांपैकीं तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अजून चाललेला असतो. आज वर्गांत बसलेला मनुष्य उद्यां जामिनावर सुटेल किंवा दुसऱ्या तुरुंगांत हलविला जाईल. शाळेप्रमाणें जून ते एप्रिल असा क्रम तेथें चालत नाहीं. प्रत्येक दिवसाचा धडा त्याच दिवशीं पुरा व्हावा, मनुष्यानें जातांना कांहींतरी घेऊन जावें : घरीं लिहिलेलें चार ओळींचें पत्र, आरोपपत्रावरील आपलें नांव, वकिलानें पुढें केलेला कागद वाचण्याची शक्ति. लांब मुदतीचे बंदी असतील त्यांस मात्र दहावी-बारावीची व मुक्त विद्यापीठाच्या पदवीची वाट खुली आहे. नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहांत तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचें केंद्रच आहे.

पुस्तक कोणतें घ्यावें, असें मास्तर मंडळी प्रथम विचारतात. पहिलीचें पुस्तक घेऊं नये. पांच वर्षांच्या मुलाचे बदक आणि छत्री चाळीस वर्षांच्या माणसापुढें ठेवणें हा त्याचा अपमान आहे. ब्राझीलमधील पाउलू फ्रेइरी हे काथलिक गृहस्थ प्रथम शाळेंत पोर्तुगीज भाषा शिकवीत असत. पुढें ते प्रौढांकडे वळले, आणि 1963 सालीं अँजिकोस गांवीं त्यांच्या पद्धतीनें सुमारें 300 मजूर कांहीं आठवड्यांत लिहूं-वाचूं लागले. पुढल्या वर्षीं लष्करी सरकारनें फ्रेइरींना तुरुंगांत घातलें, त्यावरून पद्धतींत दम असावा. ते आधीं मजुरांच्या तोंडचे शब्द गोळा करीत व त्यांतूनच धडे रचीत. त्यांच्या वर्गांतील एक शब्द "तिजोलो", म्हणजे वीट, असा होता. आपल्या तालुक्यांत वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या माणसांस ह्याहून जवळचा शब्द कोणता? व आणि ट हीं दोन अक्षरें व दोन मात्रा आल्या कीं वीट, वाट, वाटी आणि वाटा हे चार शब्द पहिल्याच संध्याकाळीं हातीं येतात. आणि "वाटा" म्हणजे काय ह्यावर बोलणें निघालें तर मास्तरांनीं तें थांबवूं नये.

भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाच्या तोंडीं विझतात; म्हणजे भट्टीवरील वर्गास सहा-सात महिनेच मिळतात. ठाण्याच्या कारागृहांत शिकवावयास जाण्यासाठीं परवानगीचे अर्ज आधीं करावे लागतील. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांपैकीं ज्यांस ह्या दोहोंपैकीं एका कामास आठवड्यांतून दोन संध्याकाळ देतां येतील त्यांनीं आपलीं नांवें सप्टेंबरांतील मारिया मातेच्या जन्मोत्सवापूर्वीं धर्मगुरुनिवासांत कळवावीं. वर्गाला बालवर्गाचीं बुटकीं बाकें आणूं नयेत, चटया पुरेत.